८.९६ मीटर उडी मारली, पण विश्वविक्रम झालाच नाही : क्यूबाच्या इवान पेद्रोसोची गोष्ट

२९ जुलै १९९५. इटलीतल्या आल्प्स पर्वतात सेस्त्रिएरे नावाचं गाव आहे. हिवाळ्यात इथं स्कीइंगला गर्दी होते, पण त्या काळात दर उन्हाळ्यात इथं अॅथलेटिक्सची एक स्पर्धाही भरायची. त्या दिवशी क्यूबाचा २२ वर्षांचा इवान पेद्रोसो धावत आला, पाटीवर पाय टाकला आणि हवेत गेला. वाळूतल्या खुणेपर्यंतचं अंतर मोजलं तेव्हा आकडा आला ८.९६ मीटर.

लांब उडीचा विश्वविक्रम तेव्हा ८.९५ मीटर होता. अमेरिकेच्या माइक पॉवेलनं तो ३० ऑगस्ट १९९१ ला टोकियोत केला होता. पेद्रोसोनं तो एका सेंटीमीटरनं मोडला होता. वाऱ्याचा आकडाही नियमात बसत होता, सेकंदाला १.२ मीटर.

आज तुम्ही लांब उडीचा विश्वविक्रम शोधलात तर नाव माइक पॉवेलचंच दिसेल. पेद्रोसोची अधिकृत सर्वोत्तम उडी म्हणून ८.७१ मीटर असं लिहिलेलं सापडेल. मग ते ८.९६ गेलं कुठे? त्यासाठी लांब उडीत वारा कसा मोजतात, हे आधी समजून घ्यावं लागतं.

वाऱ्याचा हिशोब

लांब उडीत खेळाडू साधारण चाळीस-पन्नास मीटर धावत येतो आणि २० सेंटीमीटर रुंदीच्या पाटीवरून उडी घेतो. अंतर त्याच्या पायाच्या टोकापासून मोजत नाहीत. पाटीची वाळूकडची कड आणि वाळूतली सगळ्यांत जवळची खूण, यांच्यामधलं अंतर धरतात. म्हणजे पाय कडेच्या दहा सेंटीमीटर आधी पडला तर ते दहा सेंटीमीटर फुकट गेले, आणि पाय कडेच्या पुढे गेला तर उडी बाद.

त्यात वारा पाठीमागून असेल तर धावण्याचा वेग वाढतो आणि उडी लांब जाते. म्हणून नियम असा की पाठीमागचा वारा सेकंदाला २ मीटरपेक्षा जास्त असेल तर उडी त्या स्पर्धेत ग्राह्य धरतात, खेळाडू तिच्यावर पदकही जिंकू शकतो, पण विक्रमासाठी ती चालत नाही.

हा वारा मोजायचं यंत्र धावपट्टीच्या बाजूला ठेवतात. पाटीपासून २० मीटर मागे, पट्टीपासून २ मीटरच्या आत आणि जमिनीपासून १.२२ मीटर उंचीवर. खेळाडू पाटीपासून ४० मीटरवरची खूण ओलांडतो तेव्हापासून पुढचे पाच सेकंद वारा मोजला जातो. जो सरासरी आकडा येतो तोच त्या उडीचा वारा. बाकी मैदानात झेंडे कसे फडकत होते, याला काही किंमत नाही. त्या छोट्याशा यंत्राला जे जाणवलं तेवढंच कागदावर येतं.

आणि सेस्त्रिएरेमध्ये नेमका तिथंच घोळ झाला.

यंत्रासमोर उभा राहिलेला माणूस

सेस्त्रिएरे समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरहून जास्त उंचीवर आहे. तिथली हवा विरळ, त्यामुळे धावताना आणि उडताना अडथळा कमी. बॉब बीमननं १९६८ च्या ऑलिंपिकमध्ये ८.९० मीटरची उडी मारून जगाला चक्रावून टाकलं, ते मेक्सिको सिटी शहरही असंच उंचावर आहे. उंचीबद्दल नियमात बंदी नाही, असे विक्रम मान्य होतात. सेस्त्रिएरेच्या आयोजकांनी ही गोष्ट हेरली होती. इथं विश्वविक्रम करणाऱ्याला फेरारी गाडी बक्षीस, असं त्यांनी जाहीर केलेलं होतं. १९९४ मध्ये युक्रेनच्या सर्गेई बुबकानं इथं बांबू उडीत ६.१४ मीटरचा विश्वविक्रम केला आणि फेरारी मिळवली.

लांब उडीतही इथं आधी खळबळ झाली होती. १९९२ मध्ये माइक पॉवेलनं इथंच ८.९९ मीटर उडी मारली होती, म्हणजे स्वतःच्या विश्वविक्रमापेक्षा चार सेंटीमीटर जास्त. पण तेव्हा वारा सेकंदाला ४.४ मीटर होता, मर्यादेच्या दुपटीहून अधिक. त्यामुळे विक्रमाचा प्रश्नच आला नाही. या मैदानावर वारा कसा वाहतो याची कल्पना त्यावरून यावी.

पेद्रोसोच्या दिवशीही इतर उड्यांच्या वेळी वाऱ्याचे आकडे मर्यादेबाहेर जात होते. मग नेमक्या विक्रमी उडीच्या वेळीच वारा १.२ वर कसा आला? स्पर्धेचं चित्रीकरण तपासलं गेलं तेव्हा दिसलं की पेद्रोसो धावत असताना एक माणूस वारा मोजणाऱ्या यंत्रासमोर उभा आहे. यंत्रासमोर माणूस उभा राहिला की वारा अडतो आणि आकडा खरा येत नाही. इटलीच्या अॅथलेटिक्स महासंघानं चौकशी केली आणि ही उडी विश्वविक्रम म्हणून मंजुरीसाठी आंतरराष्ट्रीय महासंघाकडे पाठवायचीच नाही, असं ठरवलं. फेरारीही गेली.

इथं एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे. त्या उडीच्या वेळी वारा मर्यादेबाहेर होता, असं सिद्ध झालं नाही. मर्यादेत होता, असंही सिद्ध करता येत नाही. उडीचं अंतर मोजलं गेलं, पण वारा धड मोजलाच गेला नाही. कदाचित ती उडी पूर्णपणे नियमात बसणारी असेल, कदाचित नसेल. आता ते कुणालाच सांगता येणार नाही, कारण सांगू शकणारी एकच वस्तू तिथं होती आणि तिच्यासमोर माणूस उभा होता. धावत येणाऱ्या खेळाडूच्या हातात यातलं काहीच नसतं. पेद्रोसोनं जे करायचं ते केलं होतं.

बरं, हा काही नशिबानं एकदाच चमकलेला खेळाडू नव्हता. त्याच्या अकराच दिवस आधी, १८ जुलैला, त्यानं स्पेनच्या सालामांका शहरात ८.७१ मीटर उडी मारली होती. तिथं वारा १.९ होता, म्हणजे जेमतेम मर्यादेच्या आत. याच सालामांकात १९९३ मध्ये क्यूबाच्याच हावियेर सोतोमायोरनं उंच उडीत २.४५ मीटरचा विश्वविक्रम केला, तो अजून मोडलेला नाही. पेद्रोसोची ८.७१ ची उडीही क्यूबाचा राष्ट्रीय विक्रम म्हणून टिकून आहे.

पंधरवड्यात दिलेलं उत्तर

सेस्त्रिएरेनंतर बरोबर दोन आठवड्यांनी, १२ ऑगस्ट १९९५ ला, स्वीडनच्या गोथेनबर्गमध्ये जागतिक अजिंक्यपद स्पर्धेची अंतिम फेरी होती. विक्रम वादात अडकलेला, आणि मैदानात समोर खुद्द माइक पॉवेल. १९९१ आणि १९९३ चा जगज्जेता तोच होता.

पेद्रोसोनं ८.७० मीटर उडी मारली. दुसरा आला जमैकाचा जेम्स बेकफर्ड, ८.३० मीटर. पॉवेल ८.२९ वर तिसरा. पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकात ४० सेंटीमीटरचं अंतर. या पातळीवर खेळाडू दोन-चार सेंटीमीटरसाठी जिवाचं रान करतात, त्यामुळे ४० सेंटीमीटर म्हणजे जवळपास एकतर्फी सामना. पहिल्या दोन जागा कॅरिबियन बेटांकडे गेल्या, हेही त्या काळात नवीनच होतं. लांब उडी हा तोवर अमेरिकेचा घरचा खेळ मानला जायचा.

हवाना ते बार्सिलोना

इवान लाझारो पेद्रोसो सोलेरचा जन्म १७ डिसेंबर १९७२ चा, हवानातला. उंची १.७६ मीटर, म्हणजे साधारण पावणेसहा फूट. कार्ल लुईस आणि माइक पॉवेल हे दोघेही सहा फुटांच्या वरचे. त्यांच्या शेजारी पेद्रोसो लहानखुरा दिसायचा. त्याची ताकद होती वेग, आणि तो वेग पाटीवर आल्यावरही न सोडण्याची हातोटी. मिलान मातोस हे त्याचे प्रशिक्षक.

क्यूबात क्रांतीनंतर व्यावसायिक खेळांवर बंदी आली आणि १९६१ मध्ये सरकारनं क्रीडा खातं उभारलं. लहान वयात मुलं हेरायची, त्यांना क्रीडाशाळांत घालायचं आणि तिथून राष्ट्रीय संघापर्यंत न्यायचं, अशी ती साखळी. राजकारणामुळे क्यूबानं १९८४ चं लॉस एंजेलिस आणि १९८८ चं सोल अशी दोन्ही ऑलिंपिक टाळली. त्यामुळे एका पिढीच्या खेळाडूंची उमेदीची वर्षं ऑलिंपिकविनाच गेली. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला. क्यूबाला मिळणारी मदत आटली, इंधन आणि अन्न यांची भीषण टंचाई सुरू झाली. अशा अवस्थेत १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकला गेलेल्या या देशानं १४ सुवर्णपदकं जिंकली आणि पदकतालिकेत पाचवा क्रमांक पटकावला.

त्या संघात १९ वर्षांचा पेद्रोसो होता. लांब उडीत लुईस पहिला, पॉवेल दुसरा, जो ग्रीन तिसरा, तिघेही अमेरिकेचे. चौथा पेद्रोसो, ८.११ मीटर. त्याच वर्षी हवानात त्यानं ८.७९ मीटर उडी मारलेली होती, पण तेव्हाही वारा जास्त. वाऱ्याशी त्याचं बिनसणं सेस्त्रिएरेच्या आधीपासूनचं होतं, असं म्हणायला हरकत नाही.

पुढच्याच वर्षी, १९९३ मध्ये, टोरंटोत त्यानं पहिलं जागतिक इनडोअर विजेतेपद मिळवलं. इनडोअर म्हणजे बंद स्टेडियममध्ये. तिथं वारा नसतो, यंत्र नसतं, वादही नसतो. तिथं पेद्रोसो सलग पाच वेळा जगज्जेता झाला : १९९३ टोरंटो, १९९५ बार्सिलोना, १९९७ पॅरिस, १९९९ माएबाशी, २००१ लिस्बन. वारा बाजूला काढला तर हा माणूस काय चीज होता, याचं उत्तर या यादीत आहे.

अटलांटा : सगळं हातात असताना

१९९५ चा पेद्रोसो बघितलेल्या कुणालाही १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकचं सुवर्ण त्याचंच वाटलं असतं. लुईस पस्तिशीत पोहोचला होता, पॉवेल उतरणीला लागला होता.

पण पेद्रोसोच्या मांडीमागचा स्नायू, ज्याला हॅमस्ट्रिंग म्हणतात, तो दुखावला. शस्त्रक्रिया करावी लागली. लांब उडी मारणाऱ्यासाठी हा स्नायू म्हणजे गाडीचं इंजिन. शेवटच्या काही पावलांत पूर्ण वेगात असताना एका पायावर सगळा भार घेऊन वर उसळायचं असतं, आणि तिथं मनात जराशी शंका आली तरी पाय आपोआप आखडतो. पेद्रोसो अटलांटात उतरला, अंतिम फेरी गाठली आणि बारावा, म्हणजे शेवटचा आला. सुवर्ण गेलं कार्ल लुईसकडे, ८.५० मीटर. लुईसचं लांब उडीतलं ते सलग चौथं ऑलिंपिक सुवर्ण. रौप्य जमैकाच्या बेकफर्डला.

एक वर्ष आधी पेद्रोसोनं अधिकृतपणे ८.७१ आणि ८.७० मारलेली होती. ऑलिंपिक मात्र चार वर्षांतून एकदाच येतं.

१९९७ मध्ये अथेन्सच्या जागतिक स्पर्धेत तो परत आला आणि ८.४२ मीटरवर सुवर्ण जिंकलं. अमेरिकेचा एरिक वॉल्डर फक्त चार सेंटीमीटर मागे होता. भारतीय वाचकासाठी एक तुलना करता येईल : जेस्विन ऑल्ड्रिननं २०२३ मध्ये भारताचा राष्ट्रीय विक्रम केला तोही नेमका ८.४२ मीटरचा. म्हणजे तेवढ्या उडीवर एके वर्षी जगज्जेतेपद मिळालं आहे. कठीण आहे ते हेच, की ती उडी ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या तासात मारता आली पाहिजे.

१९९९ मध्ये पेद्रोसोसमोर स्पेनचा तरुण यागो लामेला उभा ठाकला. जपानमधल्या माएबाशीच्या इनडोअर स्पर्धेत लामेलानं ८.५६ मीटर उडी मारून युरोपचा इनडोअर विक्रम केला. इतर कुठल्याही दिवशी एवढ्यावर सोनं मिळालं असतं. पेद्रोसोनं ८.६२ मारली. त्याच वर्षी उन्हाळ्यात जागतिक स्पर्धा लामेलाच्या देशात, सेव्हिलला होती. तिथं पेद्रोसो ८.५६, लामेला ८.४०. यजमानांच्या मैदानात त्यांच्याच खेळाडूला हरवायचा हा सराव पुढच्या वर्षी कामी येणार होता.

सिडनी, शेवटची उडी

२८ सप्टेंबर २०००, सिडनी ऑलिंपिक. स्टेडियम खच्चून भरलेलं. ऑस्ट्रेलियाचा जय टॉरिमा आयुष्यातली सर्वोत्तम कामगिरी करत होता. त्यानं ८.४९ मीटर उडी मारली आणि मैदान डोक्यावर घेतलं गेलं.

तेव्हा लांब उडीच्या अंतिम फेरीत आधी बारा जणांना तीन-तीन उड्या मिळायच्या, मग पहिल्या आठ जणांना आणखी तीन. म्हणजे एकूण सहा. पाच फेऱ्या झाल्या तेव्हा टॉरिमा पुढे होता. पेद्रोसोकडे एकच उडी शिल्लक होती. वय २७ पूर्ण. चार वर्षांपूर्वी अटलांटा असं गेलेलं. विश्वविक्रम हातातून निसटलेला. ही उडी फसली तर पुन्हा चार वर्षं वाट बघायची आणि तोवर पाय साथ देतील याची खात्री नाही.

त्यानं ८.५५ मीटर मारली. सहा सेंटीमीटरनं सुवर्ण. टॉरिमाला रौप्य, युक्रेनच्या रोमान शुरेन्कोला ८.३१ वर कांस्य.

या सुवर्णाचं वजन कळायला थोडा इतिहास बघावा लागतो. १८९६ पासून पुरुषांच्या लांब उडीचं ऑलिंपिक सुवर्ण जवळपास प्रत्येक वेळी अमेरिकेला मिळत आलं होतं. अपवाद फक्त तीन : १९२० मध्ये स्वीडन, १९६४ मध्ये ब्रिटन आणि १९८० मध्ये पूर्व जर्मनी. त्यातही १९८० ला अमेरिकेनं बहिष्कार टाकला होता. १९८४ ते १९९६ ही चारही सुवर्णं एकट्या लुईसची. सिडनीत या यादीत क्यूबाचं नाव पहिल्यांदा आलं. अमेरिकेच्या एकाही खेळाडूला त्या दिवशी पदक मिळालं नाही.

२००१ मध्ये कॅनडातल्या एडमंटनला पेद्रोसोनं ८.४० मीटरवर सलग चौथं जागतिक विजेतेपद जिंकलं. पुढे अमेरिकेच्या ड्वाइट फिलिप्सनंही चार जागतिक विजेतेपदं मिळवली, पण मध्ये खंड पडला होता. सलग चार फक्त पेद्रोसोची. लुईसची लांब उडीतली जागतिक विजेतेपदं दोन, पॉवेलचीही दोन. पॅन अमेरिकन स्पर्धेतही पेद्रोसोनं १९९५, १९९९ आणि २००३ अशी तीन सुवर्णं घेतली. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये मात्र तो सातवा आला आणि त्यानंतर मोठं पदक मिळालं नाही.

बहुतेक खेळाडूंची गोष्ट इथं संपते. पेद्रोसोच्या बाबतीत अर्धीच झाली.

फेसबुकवर आलेला मेसेज

निवृत्तीनंतर पेद्रोसो प्रशिक्षक झाला आणि स्पेनमध्ये माद्रिदजवळच्या ग्वादालाहारा शहरात त्याचा गट जमला. गंमत अशी की तो स्वतः लांब उडीचा माणूस, पण त्याचे शिष्य गाजले तिहेरी उडीत. तिहेरी उडीत धावत येऊन आधी त्याच पायावर लंगडी, मग दुसऱ्या पायावर टप्पा आणि शेवटी वाळूत उडी, असं सलग करायचं असतं.

पहिलं मोठं यश फ्रान्सच्या टेडी टॅमघोचं. २०१३ मध्ये मॉस्कोच्या जागतिक स्पर्धेत त्यानं १८.०४ मीटर मारून सुवर्ण जिंकलं. तीही शेवटच्या फेरीत. १८ मीटरची रेषा ओलांडणारा तो जगातला तिसराच.

२०१५ मध्ये व्हेनेझुएलाच्या एका विशीतल्या मुलीनं पेद्रोसोला फेसबुकवर मेसेज पाठवला. ती युलिमार रोहास. तिला फेसबुकवर त्याचं नाव सुचवलेलं दिसलं आणि तिनं धाडस करून लिहिलं. त्याचं उत्तर आलं. उंच, लांब पायांची ही मुलगी त्याच्या नजरेत आधीच भरलेली होती. ती स्पेनला गेली. पुढच्याच वर्षी रिओ ऑलिंपिकमध्ये तिला रौप्य मिळालं, २०१७ मध्ये लंडनला ती जगज्जेती झाली, आणि मग २०१९, २०२२ आणि २०२३ मध्येही.

१ ऑगस्ट २०२१, टोकियो ऑलिंपिक. रोहासनं पहिल्याच उडीत १५.४१ मीटर मारून सुवर्ण जवळपास निश्चित केलं होतं. सहाव्या आणि शेवटच्या उडीत तिनं १५.६७ मारली आणि विश्वविक्रम केला. व्हेनेझुएलाच्या महिलेचं ते पहिलं ऑलिंपिक सुवर्ण. तिनं मोडलेला विक्रम होता युक्रेनच्या इनेसा क्रावेट्सचा १५.५० मीटर. तो झाला होता १० ऑगस्ट १९९५ ला, गोथेनबर्गमध्ये. म्हणजे पेद्रोसोनं पहिलं जागतिक सुवर्ण जिंकलं त्याच स्पर्धेत, त्याच मैदानावर, दोन दिवस आधी. ज्या उन्हाळ्यात पेद्रोसोचा विश्वविक्रम हुकला, त्याच उन्हाळ्यातला विक्रम त्याच्या शिष्येनं २६ वर्षांनी पुसला. मार्च २०२२ मध्ये बेलग्रेडच्या इनडोअर स्पर्धेत तिनं तो १५.७४ वर नेला. ती उडीही सहावीच.

सिडनीत पेद्रोसो, मॉस्कोत टॅमघो, टोकियो आणि बेलग्रेडमध्ये रोहास. चौघीच्या चौघी उड्या शेवटच्या फेरीतल्या. योगायोग म्हणायचा तर म्हणता येईल. पण थकलेल्या पायांनी शेवटची उडी सर्वोत्तम मारायला कसं शिकवायचं, हे पेद्रोसोला ठाऊक असावं, असं मानायलाही जागा आहे.

२०२२ मध्येच आणखी एक घटना घडली. रोहासला लांब उडीतही उतरायचं होतं. जून महिन्यात ग्वादालाहारामध्ये तिनं ६.९३ मीटर उडी मारली आणि जागतिक स्पर्धेच्या लांब उडीसाठी पात्र ठरली, असं सगळ्यांना वाटलं. मग लक्षात आलं की तिच्या पायात तिहेरी उडीचे बूट होते. तेव्हाच्या नियमानुसार तिहेरी उडीसाठी बुटाचा तळ २५ मिलिमीटर जाड चालायचा, लांब उडीसाठी २० मिलिमीटरच. उडी बाद. अमेरिकेतल्या युजीनमध्ये ती फक्त तिहेरी उडी खेळली आणि सुवर्ण घेऊन आली. अंतर मोजलेलं, पण नोंदीत न बसणारं, अशी उडी गुरूच्या पाठोपाठ शिष्येच्याही नावावर लागली. फरक एवढाच की पेद्रोसोच्या वेळी चूक दुसऱ्याची होती आणि इथं स्वतःच्याच गटाची.

पॅरिसचे तिघे

टोकियोत कांस्य जिंकलेली स्पेनची आना पेलेतेइरो आणि २००८ चा ऑलिंपिक विजेता पोर्तुगालचा नेल्सन एवोरा हेही पेद्रोसोकडे सराव करायचे. पण रोहासनंतरचं सगळ्यांत मोठं नाव जॉर्डन दियाझचं. हवानात जन्मलेला हा खेळाडू २०२१ मध्ये क्यूबा सोडून स्पेनमध्ये आला आणि पुढे स्पेनकडून खेळू लागला. जून २०२४ मध्ये रोमच्या युरोपियन स्पर्धेत त्यानं तिहेरी उडीत १८.१८ मीटर मारली. यापेक्षा लांब उडी आजवर फक्त दोघांनी मारली आहे : अमेरिकेच्या ख्रिश्चन टेलरनं १८.२१, आणि ब्रिटनच्या जोनाथन एडवर्ड्सनं १८.२९. एडवर्ड्सचा तो विश्वविक्रमही पुन्हा १९९५ च्या गोथेनबर्गचाच, आणि तो अजून कायम आहे.

दोन महिन्यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये दियाझनं १७.८६ मीटरवर सुवर्ण जिंकलं. रौप्य पेद्रो पिचार्दोला १७.८४ वर, कांस्य आंदी दियाझला १७.६४ वर. तिघेही क्यूबात जन्मलेले. पदकं घ्यायला उभे राहिले तेव्हा अंगावर जर्सी स्पेन, पोर्तुगाल आणि इटलीच्या होत्या. पेद्रोसोच्या काळात जी व्यवस्था उपासमारीतही खेळाडू घडवत होती आणि राखत होती, ती आजही घडवते. राखणं मात्र तिला जमेनासं झालंय. त्या व्यवस्थेचा सर्वांत यशस्वी लांब उडीपटू आज स्पेनमध्ये प्रशिक्षण देतो, हेही त्याच चित्रात येतं.

क्यूबात लांब उडी थांबली असं नाही. हुआन मिगेल एचेवारियानं २०१९ मध्ये हवानात ८.९२ मीटर मारली, पण वारा पुन्हा मर्यादेबाहेर. त्याची अधिकृत सर्वोत्तम उडी ८.६८, म्हणजे पेद्रोसोच्या राष्ट्रीय विक्रमाला तीन सेंटीमीटर कमी. टोकियो ऑलिंपिकमध्ये तो आणि ग्रीसचा तेंतोग्लू दोघेही ८.४१ वर होते. दुसऱ्या क्रमांकाची चांगली उडी कुणाची, हे पाहून सुवर्ण तेंतोग्लूला दिलं गेलं. जमैकाच्या ताजे गेलनं २०१९ मध्ये जागतिक विजेतेपद जिंकलं, त्याच देशाच्या वेन पिनॉकनं पॅरिसमध्ये रौप्य. ऑलिंपिक सुवर्ण मात्र पेद्रोसोनंतर कॅरिबियन बेटांवरच्या दुसऱ्या कुठल्या पुरुष लांब उडीपटूला मिळालेलं नाही.

रोहास २०२४ मध्ये टाचेच्या वरच्या स्नायुबंधाला दुखापत झाल्यानं पॅरिसला जाऊ शकली नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये टोकियोच्या जागतिक स्पर्धेत ती परतली आणि १४.७६ मीटरवर कांस्य मिळवलं. सुवर्ण गेलं क्यूबाच्या लेयानिस पेरेझला. माइक पॉवेलचा ८.९५ चा विक्रमही याच टोकियोत झालेला, आणि तो आजही तिथंच आहे.